दार उघडं ठेवलंय

पटणार नाही तुम्हाला. मलाही पटलं नसतं. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि थापा मारणं त्याच्या स्वभावात नाही.

रात्र नव्हती. मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये अनोळखी लोकांशी राजकारणावर भांडायचं. त्या ग्रुपवर कुणाचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. दादा तिथे 'भिंग'. त्याचा हाडवैरी 'खोडरबर'.

दोन वर्षं दोघांचं रोज वाजायचं. महापौर थेट लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी, यावर तर आठ दिवस. मध्येच मालिकांची टिंगल. एका नायकाला तिसऱ्यांदा जिवंत केलं, तेव्हा खोडरबरने लिहिलं, "आपल्या पुढाऱ्यांसारखाच. पडला तरी परत येतोच." दादा दुकानात एकटाच खो खो हसला होता.

ग्रुपची एक रीत होती. वाद अर्धवट टाकून जो पळेल, त्याचं टोपणनाव काळ्या चौकटीत टाकायचं. खाली मृत्यूची वेळ. कारण, मुद्दे संपले.

खोडरबर पळण्यात पटाईत. हरायला लागला की त्याचं दूध उतू जायचं, नाहीतर पाहुणे टपकायचे.

त्या मंगळवारी तो पुरता कोंडीत सापडला होता. आणि दादाला खासगीत मेसेज आला...

"थांब. छातीत कळ येतेय. घरी कोणी नाही. कुणाला तरी पाठव."

खाली पत्ता.

दादाने पत्ता वाचलाच नाही. "आज दूध नाही उतू गेलं वाटतं?" एवढं लिहून त्याने काळी चौकट केली. वेळ टाकली, चार दहा. ग्रुपवर हशा पिकला. दादाने फोन पालथा ठेवला आणि काच घासायला घेतली.

खोडरबरचं उत्तर आलं नाही.

बुधवारीही नाही.

गुरुवारी त्याच्या बहिणीने स्वतःच्या फोनवरून ग्रुपमध्ये येऊन लिहिलं. भाऊ मंगळवारी गेला. डॉक्टर म्हणाले, कळ आल्यावर पंचवीस मिनिटं तरी तो जिवंत असावा.

"एकच कळत नाही. त्याने सरपटत जाऊन दाराची कडी काढून ठेवली होती. कोणाची वाट बघत होता?"

दादाने तेव्हा पत्ता वाचला.

दुकानाच्या मागची गल्ली. तिसरा मजला. चालत चार मिनिटं.

काळी चौकट त्याने गुपचूप काढून टाकली. बहिणीला मात्र काही सांगितलं नाही. तोंडच उरलं नव्हतं.

शुक्रवारी चार दहाला फोन थरथरला.

खोडरबरच्या नावाखाली तीन ठिपके हलत होते... कोणीतरी लिहीत होतं.

एक मिनिट. पाच मिनिटं. पंचवीस मिनिटं.

मग अक्षरं उमटली. "दार उघडं ठेवलंय."

दादाने धीर करून बहिणीला विचारलं, भावाचा फोन कोणाकडे असतो?

"माझ्याकडेच. त्याच्या घराला कुलूप लावून मी इकडे आलेय. फोन बंद पडून तीन दिवस झाले. का हो?"

"सहज."

दादाने ग्रुप सोडला. नंबर बदलला. नवा फोन घेतला.

चार दहाला ठिपके हलायचेच...

परवा मजकूर बदलला. "निघालास का?"

दादाने हे सगळं मला सांगितलं होतं, म्हणून काल सव्वाचारला मी दुकानात फोन केला. वहिनीने उचलला. "आत्ताच गेले. गिऱ्हाईक समोर बसलेलं. पायात चप्पलसुद्धा नाही."

मी दादाचा मोबाईल लावला. त्याने उचलला. नुसती जिना चढणारी पावलं...

पावलं थांबली.

"दादा, त्या घराला कुलूप आहे ना?"

"नाही रे," तो हळूच म्हणाला. "उघडं आहे."

त्याच्या आवाजामागे कोणीतरी धापा टाकत होतं...

त्या धापा थांबल्या, तेव्हा घड्याळात चार पस्तीस झाले होते.

दादा घरी परत आला. आत काय पाहिलं ते सांगत नाही. रात्रभर एका जागी बसून होता. मला भीती वाटते आणि त्याची कीवही येते.

आज सकाळी त्याने मला एवढंच विचारलं, "आज थोडं लवकर निघालो, तर वेळेत पोचेन ना रे?"