आठ दिवसांची दुरुस्ती

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी तो जुनी मोटरसायकल ढकलत विश्रांतवाडीतल्या आमच्या गॅरेजपाशी आला. घामानं चिंब. हातात पाना घेऊन बसलेल्या मला पाहून थबकला.

"मेकॅनिक कुठे आहेत?"

"समोर बसलीय."

"अहो... माफ करा हं." कानापर्यंत लाल झाला.

मी सेल्फचं बटण दाबलं. मोटर नुसतीच घरघरली. इंजिन हललंसुद्धा नाही.

"स्टार्टर क्लच झिजलाय. मोटर फिरते, पण इंजिनाला फिरवत नाही. तोवर किक मारून चालवा की."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. किक मारली तर गाडीआधी मलाच दुरुस्तीला ठेवावं लागेल."

मला हसू फुटलं... कितीतरी दिवसांनी.

त्याचं नाव अनंत. सदाशिव पेठेत राहणारा, कॉलेजात गणित शिकवणारा. गाडी त्याच्या वडिलांची, तिचे भाग आता सहज मिळत नव्हते. "आठ दिवस लागतील," मी म्हणाले. तरी तो रोज संध्याकाळी बसनं यायचा, "गाडीची विचारपूस करायला"! येताना उसाचा रस आणायचा. माझे हात ऑइलनं माखलेले, म्हणून ग्लास माझ्या ओठांशी धरायचा—आणि नजर मात्र मुद्दाम रस्त्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी मॅग्नेट काढलं आणि त्यामागच्या क्लचमधले तीन बारके रोलर त्याच्या तळहातावर ठेवले. एका बाजूनं पार चपटे झालेले.

"एवढ्याशा तुकड्यांनी मला अख्ख्या विश्रांतवाडीतून गाडी ढकलायला लावली?"

"तुम्हीच आलात. मी बोलावलं नव्हतं."

"पुढच्या वेळी बोलवा ना..."

मी खाली मान घालून स्क्रू शोधत राहिले. सापडलेलाच स्क्रू.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. मे महिन्यात माझं लग्न होतं, लोणी काळभोरच्या मच्छिंद्रशी. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मच्छिंद्रनंच त्यांना पाठीवर घेऊन जिन्यावरून उतरवलं. महिनाभर हॉस्पिटलच्या फरशीवर झोपला. बदल्यात कधी काही मागितलं नाही. होकार मी माझ्या तोंडानं दिला होता.

आठव्या दिवशी नवे रोलर बसवले, कव्हर लावलं, ऑइल भरलं. बटण दाबताच इंजिन सुरू झालं. अनंतचा चेहरा मात्र उतरला.

"उद्या कुठलं निमित्त सांगून येऊ? आणि निमित्ताशिवायच आलो तर... चालेल, शकू?"

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली होती. मी गाडी बंद केली आणि सगळं सांगितलं.

"चांगला माणूस आहे?"

"फार."

"म्हणजे नावं ठेवायचीही सोय नाही." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "तुम्हाला... थोडं तरी वाटलं होतं?"

"नवे रोलर तिसऱ्याच दिवशी आले होते," मी म्हणाले.

तो गाडीवर बसला, बटण दाबलं. मग हेल्मेट चढवलं आणि मागे वळून न बघता आळंदी रोडच्या गर्दीत मिसळला.

आत खुर्चीत बसलेल्या अण्णांनी सारं ऐकलं होतं. झटक्यानंतर त्यांना बोलताना अडखळायला व्हायचं.

"शके... मच्छिंद्राला मी सांगू का? त्यो समजून घेईल."

"घेईल, अण्णा. म्हणूनच नको."

आणि तसल्याच काळ्या हातांनी तोंड झाकून मी रडले.