दुसरे स्वतंत्र साधन

निवृत्तीनंतर शाळेतल्या इतर बाया नातवंडांत रमल्या; बाईंनी मात्र शोधनिबंध लिहायला घेतला. विषय होता, कधीच बंद पडलेल्या एका रुग्णालयातला लहान मुलांचा घटसर्प विभाग. बासष्ट वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ तिथेच, सात नंबरच्या खाटेवर गेला. श्वास मोकळा राहावा म्हणून खाटेशी वाफेची किटली सतत चालू ठेवावी लागे. दुपारी तीनला ती विझलेली सापडली. पाच वर्षांच्या बाई तेव्हा मावशीकडे होत्या.

"डोळा लागला तुझा," असं वडील आईला मरेपर्यंत ऐकवत राहिले. आईने कधी उलटून शब्द काढला नाही. आता ती अंथरुणाला खिळली होती. ती जाण्याआधी तिच्यावरचा हा डाग पुसायचा, एवढंच बाईंना हवं होतं.

टिपणांच्या पहिल्या कार्डावर त्यांनी जांभळ्या पेन्सिलीने आईला विचारायचा प्रश्न लिहिला: आई, तुझा डोळा लागला होता का? पण तो विचारायला जीभ रेटेना. कार्ड पिशवीतच राहिलं.

मार्गदर्शक त्यांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "आईची साक्ष आईच्याच बाजूने कशी धरणार, बाई? एकमेकांशी संबंध नसलेली दोन साधनं आणा. आणि साधनातलं सोयीचं तेवढंच उचलायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला छडी घेऊन शिकवलंत."

दफ्तरखान्यातल्या कारकुनाने परिचारिकांची नोंदवही पुढ्यात ठेवली. झुरळांनंतर तुम्हीच पहिल्या वाचक, म्हणाला. बाईंनी वही उघडली आणि चष्म्यावर वाफ धरली. बाहेर कडक ऊन होतं. त्यांनी काचा पुसल्या.

"सात नंबर. मुलाची आई क्षणभरही झोपलेली नाही."

बाईंचे डोळे भरून आले. खाली आणखी तीन ओळी होत्या.

"खाटेशी एक म्हातारी बसून आहे. पांढरे केस, चष्म्याला दोरी. कार्डांवर जांभळ्या पेन्सिलीने लिहिते. कोण म्हणून विचारले, तर मुलाची आई म्हणते, माझी मुलगी."

बाईंनी किती तरी वेळ आपल्या चष्म्याच्या दोरीशी चाळा केला. मग कार्डावर लिहिलं: नोंदीत घोटाळा. दुसऱ्या साधनाशिवाय ग्राह्य नाही.

दुसरं साधन मिळायला महिना गेला. विभागाच्या डॉक्टरांची खाजगी रोजनिशी त्यांच्या नातीच्या कपाटात होती. डॉक्टर त्याच संध्याकाळी परदेशी गेले, ते परत आलेच नाहीत. परिचारिकेची वही त्यांनी पाहिली असण्याचा प्रश्नच नव्हता. पानं कोरडी होती, पण हाताला गरम लागत होती.

"मुलाची आई जागी होती, हे मी शपथेवर सांगेन. ती म्हातारी तिला एकसारखी विचारत होती: आई, तुझा डोळा लागला होता का? शेवटी उत्तर द्यायला आईने किटलीकडे पाठ केली."

पुढे काहीच नव्हतं.

बाईंनी दोन्ही नोंदींची कार्डं शेजारी ठेवली. कागद खरा, शाई खरी, अक्षर जुळलेलं. दोन साधनं, एकमेकांपासून स्वतंत्र. खोट काढायला त्यांना कुठेच जागा सापडेना.

घरी आल्या तेव्हा तीन वाजत आले होते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मिळालं?" तिने विचारलं.

"हो."

"तुझ्यावर येईल म्हणून तर कुणाला सांगितलं नाही. पोरी, तू इतक्या लांबून आलेलीस. तुला उत्तर द्यायला नको?"

पिशवीतून बाईंनी पहिलं कार्ड काढलं, फाडून टाकायला. ते भिजून मऊ झालं होतं.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. दातांखाली पदर धरला.

तरी खोलीत त्यांचा आवाज उमटला. "आई, तुझा डोळा लागला होता का?"

आई हळूहळू त्यांच्याकडे वळली.

तिच्या पाठीमागे किटलीच्या वाफेसारखी बारीक सूं सूं चालली होती. ती थांबली.