कापसाच्या खोलीकडची भेग

हर्षल, ते लाकूड जरा शेकोटीत सरकव. अपेक्षा, तू अशी जवळ बस. सांगतो, पन मधात कोनी हसू नका. हे ज्याच्यावर गुदरलं तो मानूस माह्या ओळखीचा हाये.

शकूर मिस्त्री, खामगावचा. आम्ही दोघांनी बावीस वर्सं संगं मिस्त्रीकाम केलं. मोजकं बोलनारा, कामात पक्का. मागच्या डिसेंबरात त्याले सोनाळ्याहून रंगरावचा फोन आला. रंगरावचं घर साठेक वर्साचं, विटांचं, काळ्या जमिनीत बांधलेलं. अशा घरात भेगा पडतेच. पन मधल्या खोलीतली एक भेग छतापासून पार खालपर्यंत गेली होती. भिंतीतून आरपार. अन् त्याच खोलीत रंगरावची सून पुष्पांजली सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन माहेरून येनार होती. शुक्रवारी.

शकूर बुधवारी दुपारी पोचला. अठरा तारीख, संकष्टीचा दिवस. भिंतीच्या पलीकडची खोली कापसानं भरलेली होती, खालून पार आढ्यापर्यंत. दरवाजा उघडला तं हात घालाले जागा नाही.

"तिकडून काही करता येत नाही, शकूरभाई," रंगराव म्हने. "इकडूनच भरून टाका."

"इकडून भरतो. पन भरल्यावर दोन दिवस पानी मारा लागते. शुक्रवारी लेकरू येनार, मंग आज रातीच पुरं करा लागन."

"करा ना. घर तुमचंच हाये."

शकूरनं छिन्नीनं भेग रुंद केली. भुगा झाडला, पानी मारलं, जाळी ठोकली. चंद्र निघाल्यावर रंगरावच्या बायकोनं, शालूबाईनं, उपास सोडला अन् शकूरलेही जेवू घातलं. दहाच्या सुमारास दोघं नवरा-बायको माडीवर झोपाले गेले. शकूर एकटा राह्यला. वर शंभरचा बल्ब, खाली सिमेंट-रेतीच्या मालाचं घमेलं, हातात थापी.

अर्धी भेग भरून झाली होती. एक वाजून दहा मिनिटं. त्यानं मोबाइल पाह्यला होता, म्हनून वेळ त्याले पक्की माहीत.

तवा त्याले पलीकडून आवाज आला.

खर्रर्...

थापी विटेवर घासते, तसा.

उंदीर असन, त्याले वाटलं. कापसात उंदीर राह्यतेच. त्यानं पुन्हा थापी वढली. तिकडूनही वढली. तो थांबला. ते थांबलं. त्यानं मुद्दाम दोनदा वढली.

खर्रर्... खर्रर्...

"तिकडं तं मानूस मावतच नव्हता ना, आबा?" अपेक्षा इचारते.

नाहीच मावत, माय. तेच तं सांगून राह्यलो.

शकूरनं मोबाइलची बॅटरी लावली अन् भेगेले डोळा लावला. समोर कापूस दिसाले पाह्यजे. पांढरा. नाही दिसला. काळं होतं सगळं. खोल. अन् आतून गार हवा येऊन राह्यली होती.

"पानी मार."

म्हाताऱ्या मानसाचा आवाज. हळू. एक मिस्त्री दुसऱ्याले सांगते तसा.

शकूरचं अंग थिजलं. पन हाताले बावीस वर्साची सवय. हातानं पानी मारलं.

"माल दे."

त्यानं थापी भरून भेगेपाशी नेली. थापी हलकी झाली. वापस आली ते कोरडी.

"दे..."

दुसरी थापी. तिसरी. पाय हलेना. हात तेवढे देत राह्यले. घमेलं सरलं. दुसरं कालवलं. तेही सरत आलं. भेग काही भरेना.

मंग आवाज थांबला. लई वेळ थांबला...

"पाळना कुठी टांगतीन?"

शकूर मले म्हने, "तिथपर्यंत मी नुसता भेलो होतो. ते आयकलं अन् मले माही नात दिसली, मलिहा. तवा सहा महिन्याची होती ते. मनात अल्लाचं नाव घेतलं अन् तोंड उघडलं."

"पाळना इथं नाही येनार. लेकरू माहेरीच राहीन."

...

"माहेरीच?"

"हाव."

...

पुढं काहीच नाही. शकूर समोरच्या भिंतीले पाठ लावून बसला. भेगेवरून नजर काढली नाही. उजाडेपर्यंत तसाच.

सकाळी त्यानं रंगरावले सगळं सांगतलं. रंगरावनं हे नाही इचारलं का कोन बोललं. एवढंच इचारलं, "तुम्ही काय सांगतलं त्याले?"

शकूरनं सांगतलं. मंग रंगरावनं सुनेले फोन लावला.

"पुष्पा, शुक्रवारी नको येऊ. नाही... सध्या नको. आम्हीच येतो तिकडे."

तवापासून म्हातारा-म्हातारीच जाऊन भेटतात. लेकरू वर्साचं झालं. ठनठनीत हाये, भिंत धरून चालते. त्या घराची पायरी त्यानं अजून पाह्यली नाही. काऊन, ते रंगराव सांगत नाही. मीही नाही इचारलं.

जानेवारीत कापूस निघाला. खोली खाली झाल्यावर रंगरावनं शकूरले बलावलं. एकट्यानं आत जाची त्याची हिंमत नव्हती.

दोघं आत गेले. तिकडून भेग जशीच्या तशी. उघडी, कोरडी. दोन घमेले माल गेला होता, पन भिंतीवर कन नाही, खाली फरशीवर कन नाही. कापूसही पांढराफेक निघाला होता.

मंग शकूरची नजर वर गेली.

आढ्याच्या मधल्या लाकडी दांडीले लोखंडाची कडी होती.

"हे कवा बसवली?" त्यानं इचारलं.

कापूस भराच्या आधी रंगरावनंच ती खोली झाडली होती, जाळे काढले होते. कडी नव्हती. अन् त्यानंतर तिथं हात घालाले जागा नव्हती.

शकूर स्टुलावर चढला. बोट लावून पाह्यलं.

बाहेरून कडी गंजलेली होती. आतून मात्र गुळगुळीत. चकचकीत. रोज पाळन्याचा दोर घासून घासून होते तशी.