पाचव्या प्रश्नाचं पाकीट

आबांचं सगळं सामान एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायचं. दोन धोतरं, तीन सदरे, आईचा फोटो, बाजार समितीचं जुनं कॅलेंडर आणि तळाशी एक खाकी पाकीट. आई गेल्यावर पारनेरजवळचं गावाकडचं घर बंद करून त्यांना सावेडीला आमच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा ट्रंक मीच तिसऱ्या मजल्यावर चढवली. लिफ्ट त्या दिवशी अर्थातच बंद होती. आबा, म्हणजे माझे वडील सहादेव, पाकीट मात्र सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून आले. ते त्यांनी मला उचलू दिलं नाही.

त्या पाकिटाची गोष्ट आमच्याकडे लहानथोरांना पाठ आहे. पंच्याण्णव साली टीव्हीवर दर गुरुवारी ‘चाळीस सेकंद’ नावाचा प्रश्नांचा खेळ लागायचा. आबांना त्याचं वेड. पेरणी असो, कुणाचं लग्न असो, गुरुवारी साडेसातला माणूस टीव्हीपुढे हजर. मी तेव्हा वीज मंडळात नुकताच लागलो होतो. त्यांच्या नावानं पोस्टकार्ड मीच टाकलं, गंमत म्हणून, आणि चक्क मुंबईहून बोलावणं आलं.

खेळाचे नियम आबा शेवटपर्यंत सूत्रसंचालकाच्या शुद्ध भाषेत म्हणून दाखवत. प्रश्न पाच, प्रत्येकाला चाळीस सेकंद. समोरच्या घड्याळाला एकच काटा. स्पर्धकाच्या डोक्यावर बल्ब. डाव चालू आहे तोवर तो जळणार, आणि तोवर स्पर्धकाला खुर्चीवरून कुणी उठवू शकणार नाही, खुद्द सूत्रसंचालकही नाही. उत्तर चुकलं की बल्ब बंद. पाचही जमली तरी बल्ब बंद, पण मग विजेत्यानं समोरच्यांतल्या कुणा एकाचा हात धरून त्याला आपल्या जागी बसवायचं. आणि मध्येच त्या भागाची वेळ संपल्याचा भोंगा वाजला, तर न विचारलेला प्रश्न पाकिटात घालून, चिकटवून, स्पर्धकाच्याच ताब्यात द्यायचा. पुढच्या भागात तो पुन्हा खुर्चीत बसला, की सगळ्यांसमक्ष फोडायचा.

आबांनी चार उत्तरं बरोबर दिली. सूत्रसंचालकानं पाचवं कार्ड उचललं आणि भोंगा वाजला. त्यांच्या हातात पाकीट आलं. “पुढच्या खेपेला बोलावतो म्हनले,” असं सांगत ते एस.टी.नं घरी आले. बोलावणं आलं नाही. कार्यक्रमच बंद पडला होता.

सत्त्याण्णव साली आबा कोरड्या विहिरीत पडले. पस्तीस फूट. दोर सोडून वर काढलं, तर पहिलं वाक्य काय, “माझी एक चप्पल खालीच ऱ्हायली.” अंगावर एक ओरखडा नव्हता. माझी आई छबूबाई तेव्हा हसत म्हणाली होती, “ह्यांचा डाव चालू हाय न्हवं? कोन उठवील ह्यांना?” घरात तेव्हापासून ते चेष्टेचं वाक्यच झालं. पुढे सुप्याजवळ टेम्पो उलटला, त्यातून आबा तेवढे चालत बाहेर आले. कोरोनात त्यांचा ऑक्सिजन एकसष्टवर गेला. दवाखान्यानं आम्हाला भेटून घ्यायला बोलावलं, आणि आम्ही पोचलो तर स्वारी बाजरीची भाकरी मागत होती. मी इंजिनिअर माणूस. तीन ठिपके दिसले म्हणून त्यांतून रेघ काढायची मला घाई नसते. पण पाकीट फोडू या, असं कुणी म्हटलं की आबा म्हणत, “आता न्हाई. ज्वारी काढायचीय.” हे सावेडीच्या फ्लॅटमध्येसुद्धा म्हणत. मग आम्ही सगळे हसायचो.

यंदा एप्रिलच्या शेवटी माझ्या छातीची तपासणी झाली. तीन नळ्या बंद. डॉक्टरांनी मला आणि रुपालीला, म्हणजे माझ्या बायकोला, समोर बसवून सांगितलं, की ऑपरेशन टाळता येणार नाही, पण हृदय फार थकलंय, टेबलावर काहीही होऊ शकतं. तारीख सोमवारची मिळाली. आमची मुलगी राजनंदिनी पुण्याहून आली. आबांना आम्ही पित्ताशयात खडे असल्याचं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला आणखी काय सांगणार? त्यांनी मान हलवली आणि चहाची बशी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

“ज्ञाना, ह्यो प्रश्न इचार मला.”

“फोडू?”

“तसा न्हाई. खुर्ची पायजे, घड्याळ पायजे. समदं नेमात बसलं पायजे.”

“तीस वर्षं हात लावू दिला नाहीत. आताच काय घाई?”

“तुझं आपरेशन कवा हाय?”

“सोमवारी.”

“मंग गुरवारी करू.”

म्हाताऱ्याची हौस, आणि मलाही सोमवारपर्यंत हातांना काहीतरी काम हवंच होतं. मी करायला घेतलं. आता वाटतं, मी ते जरा भोंगळ केलं असतं तर बरं झालं असतं. पण तो माझा स्वभाव नाही.

मागचा पडदा काव रंगाचा हवा, त्यावर सूर्य काढलेला, आणि त्या सूर्याचा उजवीकडचा एक किरण रंगवायचा राहून गेलेला. आबा पलंगावर बसून सांगत होते आणि राजनंदिनी जुन्या चादरीवर रंगवत होती. टेबलावर हिरवं कापड. बल्ब लोखंडी नळीला लटकवलेला, त्याचं बटण मी राजनंदिनीच्या हाताशी दिलं. भोंग्याचा आवाज ती मोबाईलवर शोधणार होती, तेवढं राहून गेलं. घड्याळासाठी प्लायवूडची तबकडी कापून तिच्यावर चाळीस खुणा केल्या आणि जुन्या घड्याळाचं यंत्र बसवून फक्त सेकंदाचा काटा ठेवला.

“एक अडचण आहे, आबा. हा काटा साठ सेकंदांत फिरतो. चाळीस झाले तेव्हा तो अजून कुठंतरी मध्येच असणार.”

“फिरंल पुरा,” आबा म्हणाले.

खुर्ची आमच्या जेवणाच्या टेबलाचीच घेतली. ती पडद्यासमोर ठेवली आणि आबा म्हणाले, “हिचा एक पाय आखूड हुता. खाली कागदाची घडी घातल्याली.”

“हिचा नाही, आबा. हे फर्निचर अकरा वर्षांचं आहे, कधी हललं नाही.”

मी बसून दाखवायला गेलो आणि खुर्ची हलली. फरशी सरळ होती, स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. पाय चारही मोजले, सारखे होते. तरी खुर्ची हलत होती. शेवटी कागदाची घडी घालून पायाखाली सरकवली. “आता कसं,” आबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांनी राजनंदिनीकडून एक कागद आणि एक पाकीट मागून घेतलं. तिनं बरोबर पेन दिलं, ते त्यांनी लगेच परत आणून ठेवलं. दाढी केली. आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले. शूटिंग तीनला झालं होतं म्हणून आम्ही दुपारी तीनला बसलो. प्रेक्षक दोनच, रुपाली आणि राजनंदिनी. सूत्रसंचालक मी.

आबा खुर्चीत बसले. राजनंदिनीनं बल्ब लावला.

मे महिन्यातली दुपार होती, बाहेर एक्केचाळीस अंश. आमच्या हॉलमध्ये एसी नाही. तरी मला पायांकडून गारवा चढायला लागला. रुपाली उठली, आतून शाल आणून आबांच्या खांद्यावर टाकली आणि स्वतः पदर ओढून बसली. तोंडाला लावायच्या पावडरीचा वास येत होता. आमच्या घरात कुणी पावडर लावत नाही.

“लई गार असतं हितं,” आबा म्हणाले. “तवा बी असंच हुतं.”

मी पाकीट फोडलं. तीस वर्षांचा डिंक, तरी ओला असल्यासारखा सुटला. आत एक कार्ड होतं, त्यावर टाइप केलेली एकच ओळ. मी वाचली आणि मला हसू आवरेना.

“भंडारदरा धरण कोणत्या नदीवर आहे?”

राजनंदिनीही हसली. आपल्या जिल्ह्यात हे शाळेतल्या पोरालाही येतं. एवढ्यासाठी तीस वर्षं.

आबा हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा फार निवांत झाला. मी घड्याळ सुरू केलं. त्यांना उत्तर येत होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण त्यांनी ते दिलं नाही. त्यांनी आधी राजनंदिनीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. मग रुपालीकडे. मग खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या गच्चीकडे, तिथे कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. मग माझ्याकडे. मला त्यांचा किती लळा आहे, हे मी उभ्या जन्मात त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही, नुसता पाहत राहिलो.

“प्रवरा,” आबा म्हणाले.

काटा पुरा फिरून वरच्या खुणेवर आला होता. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद.

बल्ब विझला.

“मी नाही बंद केला,” राजनंदिनी म्हणाली. तिचे हात मांडीवर होते.

आबा शाल सावरत उठले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार पडला होता.

“बस.”

“आबा, झालं की आता.”

“नेम हाय. बस.”

मी बसलो. बल्ब लागला.

मी राजनंदिनीकडे पाहिलं. तिनं बटण मला दाखवलं. ते बंद होतं.

“पैला प्रश्न,” आबा म्हणाले. ते माझ्या जागी टेबलामागे उभे होते. “तू शाळंतनं पळून गेल्तास तवा कुठं घावलास?”

“मारुतीच्या देवळामागं.”

“तुझ्या आईच्या कपाळाला खूण कशाची हुती?”

“कढईच्या कानाची.”

“तिचा जीव जाताना तिनं कुनाचं नाव घेतलं?”

घड्याळाचा आवाज येत होता.

“माझं,” मी म्हणालो.

“चौथा. माजं पोस्टकार्ड कोनी टाकलं हुतं?”

“मी.”

आबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पाचवा प्रश्न. त्यांनी तो उलगडायला घेतला आणि भोंगा वाजला.

राजनंदिनीचा मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. आवाज रस्त्यावरचा नव्हता. तो पडद्यामागून आला, आणि पडद्यामागे भिंत आहे.

आबांनी कागद उलगडला नाही. सकाळच्या पाकिटात घातला, जिभेनं ओला करून चिकटवला आणि माझ्या हातात दिला.

“पुढच्या भागात,” ते म्हणाले.

“आबा, हे काय केलंत?”

“पित्ताचे खडे म्हनं.” त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला, बरोबर डाव्या बाजूला. “बापाला येड्यात काढतो व्हय?”

मग त्यांना चहा हवा झाला. साखर जास्त घालायला लावून अख्खा कप प्यायले, थोडं आडवं होतो म्हणाले. साडेपाचला रुपाली उठवायला गेली तेव्हा ते गेलेले होते. कुशीवर, उशाखाली हात घेऊन.

तेरावं होईपर्यंत माझं ऑपरेशन पुढे ढकललं. ऑपरेशनच्या दिवशी काय झालं ते मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मशीनवरून काढल्यावर माझं हृदय सुरूच होईना. बावीस मिनिटं. त्यांनी रुपालीला आत बोलवायला माणूस पाठवला होता. तो दारापर्यंत पोचला आणि ते आपोआप सुरू झालं. “असं होत नाही हो,” डॉक्टर म्हणाले, आणि ते मला पाहायला दिवसातून तीनदा यायचे, नुसतेच उभे राहायचे. आता मी तीन जिने न थांबता चढतो.

पडदा, घड्याळ सगळं काढून ठेवलंय. खुर्ची पुन्हा जेवणाच्या टेबलाशी गेली, ती हलत नाही. आबांची आठवण आली की मी ट्रंक उघडतो. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मला कळतं, आणि कळलं की रडू येतं. आईच्या मागे ते सहा वर्षं नुसते बसून होते. खुर्चीतून उठायला त्यांच्याजवळ प्रश्न होता. मनात आलं असतं त्या दिवशी ते तो फोडायला लावू शकले असते. ते माझ्या गरजेपर्यंत थांबले.

काल दुपारी मी माझं पाकीट बाहेर काढलं. फोडणार नव्हतोच. फक्त त्यांचं अक्षर दिसेल, असं वाटलं. खिडकीतल्या उन्हात धरलं. कागद पातळ होता, घडी, तिच्या कडा, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग राजनंदिनीचं ते परत आणून ठेवलेलं पेन आठवलं.

कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“काय विचारलंय हो आबांनी?” रुपालीनं स्वयंपाकघरातून विचारलं. तिच्या केसांत अलीकडे बरंच पांढरं दिसतं.

“सोपं आहे,” मी म्हणालो आणि पाकीट ट्रंकेत तळाशी ठेवलं.