गजावरची दुसरी खाच

बसा. नाही, त्या खुर्चीवर नको, ती खिडकीसमोर येते. इकडे शेगडीपाशी या.

मला ठासणीची बंदूक हवी होती. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात नाताळ उलटला की चकमकीच्या बंदुकांचा मोसम सुरू होतो. एकच बार. चुकलात की पुन्हा दारू ओता, गोळी ठासा, तोवर हरीण ओढ्यापलीकडे. मला तेच आवडतं. माझ्या बायकोला, व्हर्नाला, त्यात वेडेपणाशिवाय काही दिसत नाही.

पलीकडच्या खोऱ्यातली एल्मिना हॉस्टेटर मेलेल्या नवऱ्याची, रूफसची, बंदूक विकतेय असं कळलं. गेलो. काय बंदूक होती, अहाहा! मेपलचा दस्ता, दारूचं शिंग, गोळ्यांची पिशवी, चकमकीचे दगड, सगळं टेबलावर मांडलेलं. फक्त नळीत बार ठासायचा गज नव्हता.

"चुलीत घातला," म्हातारी म्हणाली.

"अहो काकू, गज कोणी जाळतं का?"

"नवा कर. बंदूक रिकामी आहे." बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन हिकरीच्या लाकडाचा गज तासला. नळीत तळापर्यंत सोडला आणि नळीच्या तोंडाशी चाकूनं खाच पाडली. आमच्याकडे सगळे असंच करतात. खाच तोंडाशी आली की बंदूक रिकामी, बाहेर राहिली की भरलेली.

दुसऱ्या दिवशी गजावर दोन खाचा होत्या. नवी खाच माझ्या खाचेच्या दोन बोटं वर. बारीक, सुबक.

"व्हर्ना, माझ्या गजाला हात लावलास?"

"हो तर! मला दुसरे उद्योगच नाहीत."

मी ती खाच घासून काढली. संध्याकाळी ती पुन्हा तिथंच. खाली लाकडाचा ताजा कीस पडलेला... आणि खोलीत साबणाचा वास. आमच्या घरात तसला साबण नाही. मनात पाल चुकचुकली, पण म्हटलं, उगाच काय.

बाहेर बर्फ पडत होतं, चारलाच अंधारून आलं. ठिणगी नीट पडते का बघावं म्हणून मी घोडा मागं ओढला. नळी फळ्यांच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे व्हर्ना सफरचंदं चिरत गुणगुणत होती. चापावर बोट ठेवलं, आणि कोपऱ्यात उभा केलेला गज खाडकन् पडला. गडगडत माझ्या पायाशी आला.

घोडा हळूच उतरवला. गज उचलून नळीला बाहेरून लावून बघितला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तळापासून तोंडापर्यंतचं माप दुसऱ्या खाचेशी जुळलं. माझ्या नाही.

म्हणजे मी खाच पाडली तेव्हाच आत बार होता! गजाला मळसूत्र लावून बार उपसला. गोळी आली, तिच्याभोवतीची चिंधी आली, मागून काळी दारू सांडली. चिंधीवर पिवळी फुलं होती.

सकाळी बंदूक घेऊन एल्मिनाकडे गेलो. तिनं दार उघडलं. अंगात पिवळ्या फुलांचा झगा, पोटावर ठिगळ.

"काकू, रिकामी म्हणालात..."

"मी रोज रिकामी करते. तो रोज भरतो." ती अगदी हळू बोलत होती. "रिकामी आहे म्हणून घोडा ओढला होता रूफसनं. त्याची बहीण समोर उभी होती, लाव्हिना. त्याच्या गजावर खाचा तीच पाडून द्यायची..."

"आणि चिंधी?"

"घरात जी बाई असेल, तिच्या कपड्याची."

"मग मला कशाला दिलीत?" मी ओरडलोच.

"मी म्हातारी झाले रे. वाटलं, जाईल तुझ्यामागं."

मी बंदूक तिच्या ओसरीवर टाकली आणि गाडी दामटली. घरी व्हर्ना दारातच उभी होती, हातात स्वतःचा निळ्या चौकड्यांचा शर्ट धरून.

"हे बघ, उंदीर तर नाही झाले घरात?"

डाव्या छातीवर, बाटलीच्या झाकणाएवढं भोक होतं. गोल. कात्रीनं कापावं तसं.

दुपारी एल्मिनाचा फोन आला. आवाज हलका झाला होता बाईचा. "ओसरीवरून बंदूक नेलीस, बरं केलंस बाबा."

मी नेली नव्हती.

घर, कोठार, विहिरीमागची झाडी, सगळं पालथं घातलं. बंदूक नाही. म्हणून हे पडदे, म्हणून तुम्हाला दार मी उघडलं. व्हर्नाला मी आता कुठल्याच खिडकीसमोर उभं राहू देत नाही. ती हसते मला. हसू दे.

गज तो तिथं, कोपऱ्यात. रोज सकाळी त्याच्याखाली ताजा कीस असतो. आजही होता. बंदूक भरलेली आहे, एवढं लाव्हिना सांगते... पण कुठून रोखलीय, ते नाही सांगत.