हसू कुणाचं?

केदार डोंबिवलीत मनोविश्लेषक होता, स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या युंग या मानसशास्त्रज्ञाच्या वळणाचा. माणसं त्याला स्वप्नं सांगत, तो ती निमूट ऐकून घेई. त्या संध्याकाळी महिपतराव नेहमीसारखे टिटवाळ्याहून आले आणि समोरच्या खुर्चीत टेकले. बायको रतन वारल्यापासून त्यांचं अन्नावरून मनच उडालं होतं. अंगावरचा सदरा दर खेपेला जास्तच ढगळ दिसे.

केदारची पंचाईत अशी, की महिपतराव रडू लागले की त्याला हसू येई. अगदी पोटातून, गुदगुल्या झाल्यासारखं. बिचारा ओठ चावून बसे. ठाण्याच्या अंतराताईंच्या हाताखाली तो हे काम शिकला होता. त्यांना त्याने शरमत शरमत हे सांगितलं होतं.

"हसू तुझं की त्यांचं, ते बघ," त्या म्हणाल्या होत्या. "आणि त्यांचं नसेल ते त्यांच्या पदरात टाकू नकोस. नाहीतर जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघत बसतील."

"डॉक्टर, आज शेवटचं आलेलो," महिपतराव म्हणाले. "आता नको... घास उतरत नाही, तर बोलून काय करू?"

तेवढ्यात लाइट गेले. त्याने मेणबत्ती लावली. पंखा घरघरत थांबला, आणि त्या शांततेत सुके बोंबील भाजल्याचा वास हळूहळू खोलीभर पसरला. केदारच्या सात पिढ्यांत कुणी बोंबील खाल्ला नव्हता. वास मात्र खमंग होता.

"काल रतन स्वप्नात आलेली," महिपतराव पुटपुटले. "काहीतरी सांगत होती... ऐकूच आलं नाही."

"सांगा ना ह्यांना..." केदारच्या अगदी कानाशी बाईचा आवाज आला. गरम श्वाससुद्धा लागला. "म्हणावं, मी मजेत आहे..."

मान वळवायची त्याची हिंमत झाली नाही. त्याच क्षणी पोटात तेच हसू उसळलं. म्हणजे ते ना त्याचं होतं, ना महिपतरावांचं! ते एक वाक्य बोललं असतं, तर समोरचा माणूस सुखावला असता. पण मग रतनला ऐकायला तो कायम केदारकडेच येत राहिला असता. केदारने ओठ घट्ट मिटले.

"सांगा की..." आवाज खुदकन हसला.

"स्वप्नात..." केदारने महिपतरावांना विचारलं. "त्यांचा चेहरा कसा होता?"

महिपतराव विचारात पडले. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"हसत होती हो! मला वाटलेलं, रडतेय. हसायला लागली की तिला बोलताच यायचं नाही. तव्यावरचे बोंबील करपायचे, पण बाईचं हसू थांबायचं नाही!"

आणि ते स्वतःच खो खो हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. केदारचाही बांध फुटला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"चला, भूक लागली," महिपतराव उठले. "पुढच्या आठवड्यात येतो."

दाराशी ते थबकले. मान कलती करून त्यांनी काहीतरी ऐकलं.

"डॉक्टर, रतन म्हणतेय, तुम्ही भलतेच हट्टी. कानाशी येऊन एवढं सांगितलं, तरी तोंडातून ब्र काढला नाहीत."