आडोशामागचे चिंचोके

पटो न पटो, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

गेल्या सप्टेंबरातला रविवार. दुपारचे तीन. सिंदेवाहीत धनराजच्या घराची पुढची खोली.

धनराज म्हणजे 'आखर' हा खेळ रचणारा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि पुढे काय घडणार ते फोडलेले चिंचोके ठरवतात. आज नागपूर-पुण्याची पोरं असे खेळ रचतात, ती त्याचंच बघून.

त्यातलं अर्धं मी लिहिलं होतं. आठ वर्षं, दर रविवारी आरमोरीहून एसटीने येऊन. खेळाच्या पुस्तकावर दोघांची नावं टाकू, असं तो म्हणायचा.

तो काविळीने गेला. दोन महिन्यांनी पुस्तक आलं.

माझं नाव कुठेच नव्हतं.

छपाईचं सगळं आमच्या तिसऱ्या सोबत्याने, प्रणितने पाहिलं होतं. "मले जसं भेटलं तसंच म्या छपाईले देल्लं," असं तो शपथेवर सांगायचा. मला पटलं नाही. दहा महिने मी त्याच्याशी बोलले नाही.

त्या रविवारी, पहिल्या स्मृतिदिनाला, वंदना झाली, जेवणं झाली. धनराजची आई, केसरबाई, भांडी घासायला मागे गेल्या. त्याच्या आठवणीत एक डाव खेळू, असं प्रणित म्हणाला. धनराजची खुर्ची आम्ही रिकामी ठेवली. तिच्यासमोर टेबलावर त्याचा पुठ्ठ्याचा आडोसा. आडोशामागे चार चिंचोके.

धनराजची रीत ठरलेली होती. आपण हो-नाहीचा प्रश्न विचारायचा. तो आडोशामागे चिंचोके टाकायचा आणि तोंडाने न बोलता पेन्सिल ठोकायचा. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही.

मला राहवलं नाही. प्रणितला बोचावं म्हणूनच मी रिकाम्या खुर्चीला विचारलं, "धनराज, माह्यं नाव प्रणितनं काढलं का?"

प्रणितने हात टेबलावर टेकले.

आणि... चिंचोके खुळखुळले.

टक्. टक्.

मी प्रणितचे हात पाहिले. दोन्ही टेबलावर होते.

"मंग तूच काढलं का?"

चिंचोके पडले...

टक्.

मागून केसरबाईंनी विचारलं, "कोन ठोकून राह्यलं वं, रंजीता?"

अंगावर काटा होता, पण भीतीपेक्षा राग जास्त होता. आठ वर्षं मी ज्याला आपला मानलं, त्यानेच मला पुसून टाकलं होतं. मी शेवटचं विचारलं, "तुले त्याचं वाईट वाटते का?"

मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

मग चिंचोके हळूच सरकले...

टक्.

मला रडूच आलं. मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

आणि मग दुसऱ्यांदा...

टक्.

प्रणितने आडोसा उचलला. चार चिंचोके होते. पेन्सिल नव्हतीच.

प्रणितची मी माफी मागितली. तिथे कोण होतं, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. आजही दुपारी घरात एकटी असले की मी टेबलाशी बसत नाही.

मेलेला माणूस बोलला, हे मी एकवेळ सोसलं असतं. पण माझं मन राखायला तो निदान एवढं खोटं तरी बोलेल, असं मला वाटलं होतं.